तडा गेलेलं अलॉय चाक, वेल्डिंगचा आग्रह आणि माझे २६ दिवस

गणपतीला चिपळूणला निघालो होतो. कोलाडच्या पुढे पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि पुढचं डावं चाक त्यात आदळलं. आवाज इतका मोठा होता की मागे बसलेल्या आईच्या मांडीवरची दुर्वांची पिशवी खाली पडली. स्टेपनी लावून, स्टिअरिंग सांभाळत, रडतखडत घर गाठलं. सण झाल्यावर गाडी टोइंगने पुण्याला आली. विम्याच्या क्लेमची नोंदणी, फोटो, फॉर्म हे सगळं मोबाइलवर अर्ध्या तासात झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

वर्कशॉपमध्ये तीन गोष्टी निघाल्या. लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) वाकला होता, टायरची बाजू कापली गेली होती, आणि चाकाच्या आतल्या काठाला पोचा आला होता. पोचा मला दिसत होता, तडा दिसत नव्हता. मेकॅनिकने कापलेला टायर काढला, दुसरा एक जुना टायर त्याच चाकावर चढवला, हवा भरली आणि आतल्या बाजूने साबणाचं पाणी लावलं. पोच्यापासून आत, स्पोकच्या दिशेने बोटभर लांबीची बुडबुड्यांची एक बारीक रांग उभी राहिली. केसाएवढी रेघ होती ती. त्याच चाकावर आई, मी आणि माझा मुलगा बसून आलो असतो तर, हा विचार मनातून आजही जात नाही.

चौथ्या दिवशी सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारे, आले. लोअर आर्म मंजूर झाला. टायर ५० टक्के कापून मंजूर झाला, कारण पॉलिसीत रबराच्या वस्तूंना तेवढा घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, लागतोच. (नुसता टायर फाटला असता आणि गाडीला काहीच झालं नसतं तर तेवढेही मिळाले नसते.) चाकापुढे मात्र त्यांनी लिहिलं : रिपेअर. बदली नामंजूर.

मी विचारलं, रिपेअर म्हणजे काय? म्हणाले, "मॅडम, अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमच. आर्गन वेल्डिंग होतं, पंधराशेत काम होतं, बाजारात सगळे करतात." आणि ते निघून गेले.

तिथून जे सुरू झालं ते आठवलं की आजही डोकं तापतं. विमा कंपनीच्या कॉल सेंटरला रोज नवीन माणूस. प्रत्येकाला खड्ड्यापासून सांगायचं. प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच : "सर्व्हेअरच्या रिपोर्टनुसार पार्ट रिपेअरेबल आहे." ऑफिसात दोनदा गेले. पहिल्यांदा जेवणाची सुट्टी, दुसऱ्यांदा संबंधित साहेब फील्डवर. तिसऱ्यांदा साहेब भेटले. त्यांनी माझा फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "इतकीशीच तर रेघ आहे." गाडी तोवर स्टेपनीवर उभी. आमची स्टेपनी लोखंडी आणि एक इंच लहान, तिच्यावर ८० च्या वर जाऊ नका असं पिवळ्या स्टिकरवर लिहिलेलं. म्हणजे गाडी असून नसल्यासारखीच.

मला चीड आली ती स्वतःकडे उत्तर नसल्याची. वेल्डिंग नको हे मला आतून कळत होतं, पण का नको हे सांगता येत नव्हतं. समोरचा "धातू आहे, जोडता येतो" म्हणाला की माझं बोलणं तिथेच संपायचं.

शेवटी कोल्हापूरला मामाला फोन केला. मामाने शिरोलीच्या फाउंड्रीत ३१ वर्षं काढली, त्यातली काही ॲल्युमिनियमच्या ओतकामात. तो म्हणाला, "अगं, आधी ते चाक कशाचं आहे ते समजून घे, मग भांड. फ्रीजवरचं चुंबक लाव." लावलं. स्टेपनीला टपकन चिकटलं, अलॉयवरून घसरून पडलं.

त्या रात्री तासभर तो बोलला आणि मी वहीत लिहून घेतलं. स्टेपनी पोलादी पत्र्याची. रिम वेगळी, मधली तबकडी वेगळी, आणि दोन्ही एकमेकांना वेल्ड केलेल्या. पोलाद तुटायच्या आधी बरंच वाकतं, म्हणून पूर्वी पंक्चरवाला हातोडीने काठ सरळ करून द्यायचा आणि ते चालायचं. अलॉयचं चाक बहुतेक ओतीव असतं. त्यातला नेहमीचा मिश्रधातू ए३५६ : सुमारे ७ टक्के सिलिकॉन, अर्ध्या टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम, बाकी जवळजवळ सगळं ॲल्युमिनियम. सिलिकॉनमुळे रस पातळ होतो आणि साच्यातल्या बारीक स्पोकपर्यंत पोचतो. मॅग्नेशियम चिमूटभर, पण ताकद त्याच्यावर.

"आणि ती ताकद ओतताना येत नाही," मामा म्हणाला, "ती नंतर भट्टीत देतात." चाक ५४० अंशांच्या आसपास काही तास तापवायचं, पाण्यात बुडवून झटक्यात गार करायचं, मग दीडशे-एकशेसाठ अंशांना पुन्हा काही तास ठेवायचं. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर तयार होतात आणि धातू कडक होतो. या प्रक्रियेला टी६ म्हणतात. "आता तिथं आर्गन लाव. सांधा बसंल, दिसायला झकास. पण त्याच्या आजूबाजूची पट्टी इतकी तापती की ते कण मोठे होतात, विरघळतात. भट्टीत दिलेली ताकद तिथंच गेली. सांध्याच्या शेजारी चाक मऊ. ती परत द्यायची तर अख्खं चाक पुन्हा भट्टीत घालावं लागतंय, आणि रस्त्यावरच्या दुकानात कुणाकडं आहे भट्टी?"

हेच वाक्य मला तीन आठवडे हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने एक पानी पत्र लिहिलं. साबणाच्या बुडबुड्यांचा फोटो, टी६ची चार वाक्यं, आणि वर्कशॉपकडून लेटरहेडवर एक ओळ : तडा गेलेलं चाक आमच्या पद्धतीनुसार दुरुस्त केलं जात नाही, बदललं जातं. शेवटी विचारलं, वेल्डिंग केलेलं हे चाक पुढच्या धुरीवर सुरक्षित आहे असं आपण सही करून लेखी द्याल का? उत्तर आलं नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा या तक्रारींच्या पोर्टलवर जाणार, त्यानंतर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे, हेही लिहिलं. पाचव्या दिवशी, म्हणजे एकूण २६व्या दिवशी, बदली मंजूर झाली. वाचून मी ऑफिसच्या जिन्यातच बसले आणि आधी मामाला फोन लावला.

पैशांचं सांगते. चाक ९,८०० रुपयांचं. गाडी दोन वर्षांच्या पुढची, तीनच्या आतली, म्हणून धातूच्या भागांना १५ टक्के घसारा, म्हणजे १,४७० माझे. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० आपल्या खिशातून जातात. एस्टिमेटमध्ये चाक आणि टायर एकाच ओळीत लिहू देऊ नका, नाहीतर धातूलाही रबराचे ५० टक्के लागण्याची भीती. आमच्या पहिल्या एस्टिमेटमध्ये तसंच होतं, मेकॅनिकनेच लक्षात आणून दिलं. नुसतं चाकच खराब झालं असेल तर क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती जातो तो हिशोब मांडा. बऱ्याचदा खिशातून भरणं स्वस्त पडतं.

फुटपाथला घासून आलेले ओरखडे दुरुस्त करायला हरकत नाही, ते रंगाचं काम. पण काठ सरळ करायला कुणी गॅसची ज्योत लावू लागला तर चाक उचलून घरी आणा, कारण तिथेही तीच गोष्ट : उष्णता. बाजारात मॅगव्हील म्हणून जे विकतात ते बहुतेक ॲल्युमिनियमचंच असतं. खरं मॅग्नेशियम आणखी हलकं, शर्यतीच्या गाड्यांत वापरतात, पण खाऱ्या हवेत लवकर गंजतं, आमच्या कोकणात त्याचा उपयोग नाही. घडीव, म्हणजे फोर्ज्ड चाक ओतीवपेक्षा चिवट, आणि किंमतही तशीच.

नवीन चाक बसल्यावर ८०-१०० किलोमीटरने नट पुन्हा टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच नट आवळणाऱ्या पान्याने) तपासून घ्या. मी घेतले, एक थोडा सैल निघाला.

आणि जुनं चाक मंजुरी येईपर्यंत कुणालाही देऊ नका. वर्कशॉपमधला मुलगा भंगारात टाकायला निघाला होता. मी ते घरी आणून गॅलरीत ठेवलं, तड्याच्या दोन्ही टोकांना मार्करने खूण केली, आणि मंजुरीनंतर विमा कंपनीने मागितलं तेव्हा खुणेसकट, पावती घेऊन परत दिलं.