२०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर

"युद्धात फार्मासिस्टचं काय काम? गोळ्या मोजायच्या ना?" आज कोणीतरी सहज म्हणून गेलं, पण वाक्य डोक्यातून जाईना.

पहिल्या महायुद्धातला फ्रान्स. पेनिसिलिन अजून नाही, खंदकातल्या चिखलाने जखमा सडतायत. फ्रेंच सर्जन कॅरेल आणि ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेकिन यांनी हायपोक्लोराइटने (क्लोरिनयुक्त जंतुनाशकाने) जखम धुण्याची पद्धत बसवली. पण ते द्रावण टिकत नाही, ताजंच बनवावं लागतं.

१० लिटरसाठी २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर ५ लिटर पाण्यात रात्रभर. उरलेल्या ५ लिटर थंड पाण्यात १०० ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा आणि ८० ग्रॅम खाण्याचा सोडा. दोन्ही एकत्र हलवायचं, चुन्याचा साका बसला की वरचं पाणी गाळून अंधारात ठेवायचं. तापवायचं अजिबात नाही, क्लोरिनचा जोर जातो.

फार्मासिस्टची खरी कसोटी पुढे. पावडरचा जोर प्रत्येक वेळी वेगळा, म्हणून टायट्रेशन, म्हणजे द्रावणात क्लोरिनचा जोर नेमका किती ते मोजणं, हवंच. ०.४ टक्क्यांखाली उपयोग नाही, ०.५ च्या वर कातडी भाजते. चिमूटभर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कली ओळखणारी पूड) टाकून लाल रंग आला, तर अल्कली, म्हणजे दाहक क्षार, जास्त. ते जखमेला लावायचं नाही.

ही सुधारित कृती कॅरेल यांचे सहकारी दोफ्रेन यांची. कॅरेल-डेकिन सगळे म्हणतात, दोफ्रेनचं नाव तुम्ही कधी ऐकलं होतं?