आमची वाटचाल : जोडणी तुटली तरी कॉल टिकावा म्हणून

रत्नागिरीत आम्ही कामाला सुरुवात केली, तेव्हा हॉटेले, आंबा प्रक्रिया करणारे कारखाने आणि रुग्णालये यांना इंटरनेटवर चालणारी अंतर्गत टेलिफोन यंत्रणा बसवून देणे एवढाच आमचा व्यवसाय होता. पावसाळ्यात दरड कोसळून किंवा रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटते, वीज गेली की राउटर बंद पडतो आणि राखीव मोबाइल डेटावर जाताच आयपी पत्ता बदलतो, हे येथील नित्याचेच आहे. त्यामुळे ग्राहकांची एक तक्रार पुन्हा पुन्हा येई : फोनवर नोंदणी (म्हणजे आपला पत्ता सर्व्हरला, कॉल जुळवणाऱ्या मध्यवर्ती संगणकाला, कळवणे) झाल्याची खूण दिसते, परंतु आलेला कॉल वाजत नाही.

याचे मूळ असे, की फोन आणि सर्व्हर यांच्यातील टीसीपी जोडणी (पोहोच घेत माहिती नेणारी वाट) तुटल्याचे दोन्ही टोकांना कळेलच याची खात्री नसते. पलीकडचा राउटर एकाएकी बंद पडला, तर सर्व्हर ती जोडणी जिवंतच धरतो; लिनक्स या संगणक-प्रणालीत निष्क्रिय जोडणीची पहिली चौकशी मूळ मांडणीप्रमाणे दोन तासांनी होते, आणि तीही सॉफ्टवेअरने मागितली असेल तरच. दरम्यान आलेला कॉल सर्व्हर त्या मृत जोडणीवर पाठवतो आणि एसआयपीच्या (इंटरनेटवर कॉल जुळवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या) नियमानुसार ३२ सेकंदांनी प्रयत्न सोडतो. नोंदणीची मुदत ३६०० सेकंदांची असेल, तर फोन जवळजवळ तासभर मुका राहू शकतो. रुग्णालयाच्या बाबतीत हे आम्हाला कदापि मान्य होण्यासारखे नव्हते, आणि म्हणूनच आम्ही स्वतःचे सिग्नलिंग (कॉल जुळवणारे व संपवणारे) सॉफ्टवेअर लिहू लागलो.

आधार २००९ च्या आरएफसी ५६२६ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाचा घेतला. त्यानुसार फोन ठरावीक अंतराने दोन कोऱ्या ओळी पाठवतो, सर्व्हर एका ओळीने उत्तर देतो, आणि दहा सेकंदांत उत्तर न आल्यास फोन ती वाट बंद समजून नवी जोडणी व नवी नोंदणी करतो. मात्र सगळ्यांनी एकदम परतणे हेही संकटच असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात वीज टप्प्याटप्प्याने आली. एकेका फीडरवरचे (वीजवाहिनीवरचे) फोन एकाच क्षणी नोंदणीसाठी धावले, तर सर्व्हर त्या भारानेच बसू शकतो. म्हणून प्रत्येक अपयशानंतर थांबण्याची मर्यादा ३० सेकंदांपासून दुप्पट होत जास्तीत जास्त १८०० सेकंदांपर्यंत जाते, आणि प्रत्यक्ष थांबा त्या मर्यादेच्या निम्म्यापासून पूर्णापर्यंत कुठेही, यादृच्छिक निवडला जातो.

आमच्या मते याहून मोलाचे तत्त्व म्हणजे जोडणी तुटणे आणि संभाषण संपणे या दोन वेगळ्या घटना आहेत. कॉलची ओळख त्याच्या कॉल-आयडीने आणि दोन्ही बाजूंच्या टॅगने (ओळखखुणेने) ठरते, टीसीपी जोडणीने नव्हे. आवाजही बहुधा यूडीपीवरून (पोहोच न घेणाऱ्या वेगळ्या पद्धतीने) स्वतंत्रपणे जातो. म्हणून जोडणी गेली तरी आमचा सर्व्हर कॉल तोडत नाही आणि फोन नव्या पत्त्यावरून री-इन्व्हाइट (चालू कॉल नव्याने जुळवण्याची विनंती) घेऊन आला की तोच कॉल पुढे चालवतो. फोन परतलाच नाही, तर आरएफसी ४०२८ मधील सत्र-कालमापक तो कॉल बंद करतो. एरवी मोजक्या लाइन असलेल्या हॉटेलात असे बेवारस कॉल लाइन अडवून बसतात.

आता यंत्रणा सुपूर्द करण्यापूर्वी आम्ही ग्राहकासमोर, चालू कॉलमध्ये, आधी फोनची केबल काढतो आणि नंतर राउटरपलीकडची लाइन तोडतो, कारण पहिल्या प्रकारात फोनला लगेच कळते आणि दुसऱ्यात काहीच कळत नाही. दोन्ही वेळा फोन पुन्हा वाजू लागेपर्यंत लागलेला वेळ आम्ही हस्तांतरणाच्या कागदावर लिहून देतो.