‘म्हणजे नक्की कोणते?’

नाशिकला जाण्याचे कारण आत्या होती. बार्शीच्या एका पतसंस्थेत आयुष्यभर हिशेब लिहून निवृत्त झालेल्या आत्याला आपल्या आजोबांचे अक्षर एकदा डोळ्यांनी पाहायचे होते, आणि ते रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या वहीत नक्की सापडेल, असे तिला कोणीतरी सांगितले होते. सिंहस्थाच्या तयारीसाठी चाललेले खोदकाम, धूळ आणि वाहनांचा गोंगाट यांविषयी मी येथे लिहिणार नाही, कारण ती तक्रार कोणताही नाशिककर माझ्यापेक्षा अधिक रंगवून करतो.

माझी तक्रार वेगळी आहे. पंचवटीतील ज्या निवासात आम्ही उतरणार होतो, तेथील व्यवस्थापकाने आधार कार्डावरील आडनाव वाचले, आमच्याकडे नीट पाहून घेतले आणि विचारले, “म्हणजे नक्की कोणते?” आमचे आडनाव चार-पाच जातींत आणि किमान दोन धर्मांत आढळते, त्यामुळे त्याची पंचाईत झाली होती. “बार्शीचे,” मी म्हणालो. “ते कळलं हो, पण म्हणजे…” असे म्हणून त्याने वाक्य अर्धवट सोडले. हे अर्धे वाक्य महाराष्ट्रात प्रत्येकाला पुरते ऐकू येते. मी ते पुरे करून दिले नाही, तेव्हा खोल्या भरल्या असल्याचे कळले. आमच्यामागून आलेल्या कुटुंबाच्या हाती मात्र किल्ली पडली. याला योगायोग म्हणण्याइतका मी भाबडा नाही. रात्री नऊ वाजता रिक्षा करून आम्ही दुप्पट भाड्याच्या हॉटेलात गेलो. तेथे आमच्या आडनावात कोणालाही रस नव्हता आणि गाद्याही बऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकुंडावर तेच प्रश्न पुन्हा आले. आडनाव, मूळ गाव, जात, आजोबांचे नाव, पणजोबांचे माहीत असल्यास तेही. माझ्या कपाळावर आठी चढली. आत्या मात्र रेशन कार्डावरचा तपशील सांगावा तशी घडाघडा उत्तरे देत गेली. ती उत्तरे मी येथे लिहीत नाही, निवासाच्या व्यवस्थापकालाही ती मिळाली नव्हती. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुमचं गाव आमच्याकडे नाही. थांबा, विचारून सांगतो.” येथील उपाध्यायांमध्ये यजमान गावांनुसार आणि जातींनुसार पिढ्यान्‌पिढ्या वाटलेले आहेत, आणि कोणते गाव कोणाकडे, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांनी दोन फोन केले आणि एका मुलाला आमच्याबरोबर जवळच्याच गल्लीत दुसऱ्या गुरुजींच्या घरी पाठवले.

त्या घराच्या पडवीत विजापूरकडचे एक कुटुंब अस्थिविसर्जन आटोपून बसले होते, आणि गुरुजी त्यांच्याशी कानडीत बोलत होते. ती कानडी व्याकरणशुद्ध नसावी, कारण त्या कुटुंबातल्या म्हातारबुवांची सून पदराआड हसत होती, परंतु गाव, नाते आणि मृताचे नाव यांपुरती ती पुरेशी होती. ‘विविधतेत एकता’ या विषयावर आपण शाळेत निबंध लिहितो. येथे मात्र एक माणूस धंद्याची गरज म्हणून परभाषेत विचारपूस करत होता, आणि शोकात असलेल्या लोकांना आपल्या भाषेतले चार शब्द मिळत होते. दक्षिणेचा आकडा सांगताना गुरुजी पुन्हा मराठीत आले, हेही नोंदवले पाहिजे.

आमची पाळी आली. लाल कापडात बांधलेली, हातभर लांब आणि अरुंद अशी वही त्यांनी मांडीवर उलगडली. कडा तेलकट बोटांनी काळ्या पडल्या होत्या, आणि जुनी पाने मोडी लिपीत होती. गुरुजी ओळीवरून बोट फिरवत वाचू लागले : शके १८४९, चैत्र मास, मुक्काम अमुक, सोबत बंधू दोघे, मातोश्रींच्या अस्थी घेऊन आले. खाली आजोबांची सही होती. शेवटच्या अक्षराची वेलांटी त्यांनी उगाचच लांब ओढलेली होती. आत्याने चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाली, “माझं अक्षर अस्संच आहे रे, साहेब त्यावरून बोलायचे मला.” मग तिच्या लक्षात आले की त्या पानावर सगळे पुरुष आहेत. “आता आमची नोंद कराल ना? मग माझं नाव घाला, आईचं घाला, आणि माझ्या मुलीचंही.” गुरुजी म्हणाले, “घालतो की. हल्ली घालतो आम्ही.” तिन्ही नावे तिने स्वतः लिहिली.

एकच प्रश्न रात्री मला अपमानासारखा झोंबला आणि सकाळी त्याच प्रश्नाने आमचे पान उघडले. एकाला आम्हाला आत घ्यावे की नाही हे ठरवायचे होते. दुसऱ्याला आम्ही आधीपासून कुठे आहोत हे शोधायचे होते. तरीही वहीविषयी मी फार हळवे होऊ नये, कारण तिथली गाठोडी जातीनेच बांधलेली आहेत. तेथून थोड्याच अंतरावर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे या मंदिराच्या दारांशी आली, आणि दारे त्यांच्यासाठी उघडली गेली नाहीत. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी यांनी तो सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षे नेटाने चालवला. अखेर १९३५ मध्ये याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या सत्याग्रहींनाही ‘कोणते’ हे कोणी ना कोणी विचारलेच असणार. शरणपूर रस्त्याने जातानाही हाच विचार डोक्यात होता, कारण एकोणिसाव्या शतकात तेथील ख्रिस्ती मिशनने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा दिला होता. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट हा १८७३-७४ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता. गाव दुरावलेले, नाव नवे. या मुलांनी ‘कुठले?’ याचे काय उत्तर दिले असेल?

त्र्यंबकेश्वरचा दिवस रांगेत गेला. मिसळ तिखट होती.

पांडवलेणीच्या पायऱ्या आत्याने गुडघ्यांना शिव्या घालत चढल्या. येथील शिलालेखांचे मराठी भाषांतर मी आधी वाचून गेलो होतो आणि तिला ते सांगत होतो. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा, धम्मदेवाचा मुलगा, योनक म्हणजे यवन, अर्थात ग्रीक; आई-वडिलांप्रीत्यर्थ आणि सर्व बुद्धांच्या पूजेसाठी त्याने हे लेणे खोदविले. “म्हणजे गाव, बापाचं नाव, कोणते, सगळंच लिहिलंय की,” आत्या म्हणाली. फरक इतकाच की त्याला कोणी विचारले नव्हते, त्याने आपण होऊन सांगितले होते. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे; मुलाने आईचे नाव लावले हे ऐकून आत्याने वहीतल्या प्रसंगाची मला पुन्हा आठवण करून दिली.

दहाव्या लेण्यापाशी मात्र ती खरी रमली. क्षत्रप म्हणजे शक राज्यकर्ता नहपान याचा शक जावई उषवदात याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले. ब्राह्मणांना गावे आणि गाई दान दिल्याचेही तो तेथेच अभिमानाने सांगतो. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव ठेवली : एकीकडे २,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातील मुक्कामात, राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे होते. आत्याने बोटांवर हिशेब केला. “महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बारा. बरोबर आहे.” थोडा वेळ ती त्या कोरीव अक्षरांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “देणारा शक, घेणारे भिक्षू, पैसे विणकरांकडे. पण दुसरीकडे पाऊणच टक्का का? त्या विणकरांची वसुली बरी नसणार.”