गच्चीवरचा डबा

भाच्यानं परवा मोबाइलवर मरीन ड्राइव्हचा फोटो दाखवला. म्हणाला, "मामा, आपल्या नागपूरला अशी स्कायलाइनच नाही." असेल बाप्पा. मी बावीस वर्षं लिफ्टची कामं करतो, मला इमारत ओळखू येते ती डोक्यावरून. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी चौकोनी डबा असतो ना, ती मशीन रूम. मोटार, कंट्रोलर, दोर ओढणारं चाक, सगळं तिथे. स्कूटरवरून जाताना लोक दुकानं बघतात, मी डबे बघतो. (बायको मागे बसली की ओरडते.) खिडकीला जाळी नाही, पंखा गंजलेला, म्हणजे ही लिफ्ट मेमध्ये मला बोलावणार.

गेल्या मेमध्ये रामदासपेठेतल्या एका जुन्या सातमजली इमारतीची लिफ्ट रोज दुपारी दोनच्या सुमारास बंद पडायची. संध्याकाळी वॉचमननं मेन स्विच पाडून वर केला की मुकाट्यानं चालायची. वर गेलो. भिंत पश्चिमेची, माथ्यावर पत्रा, एक्झॉस्ट फॅनमध्ये कबुतराचं घरटं. आत थर्मामीटर ठेवला, 53 अंश. मोटारीचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह तापून ट्रिप होत होता, म्हणजे आपोआप बंद पडत होता; त्या बिचाऱ्यानं तरी काय करावं?

साडेचारला सातव्या मजल्यावरच्या आजी आल्या. मुगवड्यांची चादर ओढायला. "चारनंतर तुझ्या या खोलीची सावली पडते बापू, रोज सरकवावी लागते." मग उत्तरेकडे हात केला. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात तिथून, हवा स्वच्छ असली की. धूर कुठं झुकतो ते बघून त्या वड्या ठेवायच्या की उचलायच्या ते ठरवतात. मी त्याच गच्चीवर कितीदा गेलो असेन, धुराकडे कधी असं पाहिलं नव्हतं.

माझं लक्ष वर्धा रोडकडे. तिकडे इमारती एका उंचीला आल्या की थांबतात. विमानतळापासून 4 किलोमीटरच्या आत साधारण धावपट्टीच्या पातळीपासून वर 45 मीटरचीच मुभा असते. आणि ती मोजताना टाकी, डबा, अँटेना, सगळं धरतात. म्हणजे डबा गेला की तेवढी उंची बिल्डरच्या पदरात. मग तो बिनमशीनरूमची लिफ्ट मागणार नाही तर काय! तीत मोटार शाफ्टमध्येच वरच्या टोकाला बसते. नव्या इमारतींची डोकी त्यामुळेच सपाट, मला तरी टकली वाटतात.

दक्षिणेला दीक्षाभूमीचा घुमट. 120 फूट उंच, तेवढाच रुंद, आतून पोकळ. वर ना टाकी ना डबा. तिथे नजर गेली की मी कामाचं विसरतो.

घरटं रिकामं होतं, काढलं. पंखा बदलला, खिडकीला जाळी ठोकली. आजींनी समोरच्या नव्या इमारतीकडे बोट केलं. "तिची खोली कुठे?"

"नाही आजी. कंट्रोलर वरच्या मजल्यावर, दरवाज्याच्या बाजूलाच."

"मग तू गच्चीवर येतच नाहीस?"

ते काम मला दिवाळीनंतर मिळालं. अकराव्या मजल्यावर, पॅसेजमध्ये, पाठीला कुणाचा तरी चपलांचा स्टँड लागत होता. दोन तास पॅनल उघडून उभा होतो. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे.