तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंटला खरं सांगायचं की नाही

लग्नात विचारतात, सोसायटीच्या मीटिंगनंतर विचारतात, एकदा तर ब्लाउज शिवायला टाकायला गेले तिथे विचारलं. "तू कॅन्सर हॉस्पिटलमधे सोशल वर्कर ना, मग पेशंटला खरं सांगता का गं तुम्ही?" आणि मी तोंड उघडायच्या आत विचारणाऱ्याचं स्वतःचं उत्तर तयार असतं. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, इथे असं लपवलं तर डॉक्टरवर केस होईल. शेजारचे काका म्हणतात, आपल्यात नाही सांगत, माणूस धसक्यानेच जातो. दोघांनाही माझा फक्त शिक्का हवा असतो. म्हणून आज एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच फॉरवर्ड करीन.

आधी मावसभाऊ. बाबा रे, १९६१ साली तुमच्याच अमेरिकेत डॉक्टरांची पाहणी झाली होती, त्यात दहातले जवळजवळ नऊ जण म्हणाले की कॅन्सर झालाय हे आम्ही शक्यतो पेशंटला सांगत नाही. १९७९ मधे पुन्हा विचारलं तर आकडे बरोब्बर उलटे. मधल्या अठरा वर्षांत काही तुमची संस्कृती बदलली नव्हती, औषधं सुधारली होती, कोर्टकचेऱ्या वाढल्या होत्या आणि पेशंट बोलायला लागले होते. जपानमधे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पित्ताशयाच्या कॅन्सरचा संशय असताना बाईला 'खडे आहेत' सांगणाऱ्या डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला, आणि आज तिथे बहुतेकांना सांगतात. तेव्हा पूर्व-पश्चिम वगैरे मला ऐकवू नकोस.

आता काका. तुमच्या बाजूने चरक आहे, हे मी आपणहून कबूल करते. चरकसंहितेत इंद्रियस्थानाच्या शेवटच्या अध्यायात म्हटलंय की मरणाची लक्षणं दिसली तरी वैद्याने कोणी विचारल्याशिवाय बोलू नये, आणि विचारलं तरी जिथे त्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कुणाला अपाय होईल तिथे सांगू नये. पण हा तोल वैद्याने रोग्याकडे बघून सांभाळायचा आहे, थोरल्या मुलाने आणि जावयाने कॉरिडॉरमधे उभं राहून ठरवायचं असं चरक कुठे म्हणतो? शिवाय 'आपल्यात' कठोपनिषदातला नचिकेतही आहे, यमाने हत्ती-घोडे-सोनं सगळं देऊ केलं तरी मरणानंतर काय ते सांगच म्हणून अडून बसलेला. 'आपल्यात' विनोबाही आहेत, १९८२ च्या नोव्हेंबरमधे पवनारला त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही सोडलं, सगळ्या देशाच्या डोळ्यांदेखत. आणि आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या, ज्या चांगल्या हिंडत्याफिरत्या असताना कुठली पाटली कुणाला ते ठरवून निरवानिरव करून ठेवतात. मरणाचं नाव काढायचं नाही हे आपल्याकडचं कधीपासून झालं, मला खरंच कळत नाही.

कायद्याचं विचाराल तर तोही दोन्ही डगरींवर. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम म्हणतात की आजार किती गंभीर आहे ते वाढवूनही सांगू नका, कमी करूनही नका, पण कळवायचं कुणाला तर पेशंटला, त्याच्या नातेवाइकांना 'किंवा' जबाबदार मित्रांना. त्या एका 'किंवा'वर सगळी हॉस्पिटलं चालतात. उलट २००८ मधे समीरा कोहली केसमधे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की पेशंट सज्ञान असेल तर तिच्या ऑपरेशनला आईची संमती चालत नाही. आमच्याकडे तरीही फॉर्मवर पहिली सही मुलाचीच घेतात.

आता ती गोष्ट, जिच्यावरून अर्धे लोक मला हा प्रश्न विचारतात. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

सोलापूरकडच्या आजी होत्या. अंडाशयाचा कॅन्सर, सहा केमो होऊन वर्षाच्या आत परत आलेला, पोटात पाणी भरायचं. मोठ्या मुलाने पहिल्याच दिवशी मला लिफ्टपाशी गाठून सांगितलं, "मॅडम, आतड्याला सूज आहे म्हणून सांगितलंय आईला, तेवढंच ठेवा." फाइलवर हॉस्पिटलच्या नावात 'कर्करोग' छापलेलं होतं, म्हणून त्याने त्यावर ब्राउन पेपरचं कव्हर घातलं होतं, शाळेच्या वहीला घालतात तसं, कडा दुमडून, वर आईचं नाव नीट अक्षरात. आजी चौथी शिकलेल्या होत्या, त्यांना वाचता येत होतं. बाहेरचा बोर्ड मात्र कव्हर घालण्याएवढा लहान नव्हता.

एके दुपारी पोटातलं पाणी काढायला नळी लावून त्या पडल्या होत्या, मुलगा औषध आणायला खाली गेलेला. मला म्हणाल्या, "बाई, मला काय झालंया?" मी ट्रेनिंगमधलं वाक्य काढलं, आजी, तुम्हाला काय वाटतं?

"मला काय वाटायचंय. म्या तुला इचारलं."

मी डॉक्टरांना बोलावलं. रजिस्ट्रार, म्हणजे वॉर्डातला ज्युनियर डॉक्टर, आला, बाटलीतलं पाणी बघितलं, "मुलगा कुठाय" विचारलं आणि गेला. मग मीच सांगितलं. गाठ आहे आजी, ती चांगली नाहीये, पहिल्या औषधाने दबली होती, परत आलीय. "क्यान्सर म्हण की," त्याच म्हणाल्या. रडल्याबिडल्या काही नाहीत. थोड्या वेळाने पुढचा प्रश्न, ज्याची मी तयारी केलेली नव्हती: "पैकं किती गेलं?"

मुलांनी त्यांना सांगितलं होतं सगळं योजनेत फुकट आहे. पहिल्या खेपेचं महात्मा फुले योजनेत झालंही होतं, पण यावेळचं एक इंजेक्शन त्यात बसत नव्हतं, ते बाहेरून आणायचं होतं आणि त्यासाठी जमीन गहाण पडली होती. ट्रस्टकडे मदतीचे अर्ज मीच भरले होते त्यामुळे मला माहीत होतं. मी म्हटलं ते मुलांना विचारा. "इहिरीकडचा तुकडा घातला का?" मी गप्प बसले, आणि तेच उत्तर झालं.

दुसऱ्या दिवशी आजींनी मुलांना सांगितलं, मला घरी न्या, सुई नको. धाकटा रडला. मोठा माझ्या केबिनमधे येऊन म्हणाला, "तुमचं काय गेलं, मॅडम?" तक्रार झाली, मला लेखी खुलासा द्यावा लागला, मग कुणी विषय काढला नाही. आजी घरी गेल्या. नंतर तो कसल्याशा कागदावर शिक्का घ्यायला आला तेव्हा जाताना दारातून म्हणाला, "जमीन मी परत घेतली असती."

पुस्तकात ही केस सोपी आहे. सज्ञान बाई, शुद्धीत, माहिती मिळाली, उपचार नाकारले. स्वायत्ततेला पैकीच्या पैकी. पण आजींनी स्वतःच्या शरीराचा निर्णय घेतलाच नव्हता, त्यांनी विहिरीचा निर्णय घेतला होता, नातवाचा घेतला होता. एमएसडब्ल्यूला, म्हणजे सोशल वर्कच्या पदवीला, असताना मी प्रोजेक्टमधे लिहिलं होतं की कुटुंब ही पेशंटच्या हक्काआड येणारी भिंत आहे. त्या पोरीला मी आज सांगते, अगं, जन्मभर जिने आई म्हणून, सून म्हणून निर्णय घेतले तिला शेवटी 'तू एकटी काय ते सांग' म्हणायचं हेही आपणच तिच्यावर लादतो की. तर ती पोरगी उलट विचारते, म्हणजे गरीब बाईने पैशापायी औषध सोडलं आणि तू त्याला परंपरा म्हणणार? ते इंजेक्शन फुकट असतं तर तिने सोडलं असतं का? यावर मला काही बोलता येत नाही.

तरी मी सांगायला नको होतं असं माझ्याकडून कुणी वदवून घेऊ नका. नळी लावलेलं माणूस डोळ्यात बघून विचारतंय आणि मी आतड्याची सूज म्हणू? आणि म्हटलं असतं तर आजी अजून थोड्या जगल्या असत्या, आणखी केमो सोसून, तेही खरं असू शकतं. मला माहीत नाही. मुलाला माहीत आहे असं त्याला वाटतं.

हल्ली मी पहिल्या भेटीत, नातेवाइकांना चहाला पाठवून, पेशंटलाच विचारते की तुम्हाला किती सांगितलेलं आवडेल आणि कुणाशी बोलून ठरवायचं. बरेचजण म्हणतात मुलाला विचारा. ठीक आहे, मी तसं लिहून घेते आणि पुढच्या भेटीत परत विचारते, कारण माणसं बदलतात, दुखायला लागलं की तर फारच. डॉक्टरांना हा वेळेचा अपव्यय वाटतो.

घरी आईलाही विचारून बघितलं, सहज, भाजी निवडताना. ती म्हणाली, "मला काही सांगू नकोस, दादाला सांग, तो बघेल." मी, जी दिवसभर हेच करते, तिच्यावर इतकी चिडले की दोन दिवस नीट बोलले नाही. दादाला अजून हे सांगितलेलं नाही, तो म्हणेल असले विषय काढतेसच कशाला.