आईचे गुडघे, नाराची हरणं आणि एका दिवसाची आखणी

क्योतोत मुक्काम असला की नाराला बहुतेक जण अर्धा दिवस देतात. निवांत निघायचं, हरणांना बिस्किटं चारायची, मोठा बुद्ध बघायचा, दुपारी परत. मला हे पटत नव्हतं. इ.स. ७१० ते ७८४ या काळातली ही जपानची राजधानी. क्योतोचा मान त्यानंतरचा. शिवाय बरोबर आई होती, पंचाहत्तरीची. सपाट रस्त्यावर ती माझ्यापुढे चालते, पण चढ लागला की गुडघे बोलायला लागतात. म्हणून वेळापत्रकाआधी मी नकाशातले चढउतार बघायला बसले, आणि सगळी आखणी तिथेच ठरली.

नारा पार्क पश्चिमेकडून पूर्वेकडे चढत जातं. स्टेशनं पश्चिमेला, खाली. कासुगा ताइशा हे शिंतो देवस्थान आणि मोठ्या बुद्धाच्या तोदाइ-जी मंदिरसंकुलातलं निगात्सु-दो हे देऊळ पूर्वेला, डोंगराच्या कुशीत. सगळे स्टेशनवरून चालत वर जातात आणि सगळ्यात सुंदर भाग येईपर्यंत दमलेले असतात. आम्ही उलट केलं : सकाळी बसने थेट कासुगा ताइशापर्यंत आणि मग दिवसभर उतरत उतरत स्टेशनकडे. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

गाडीचा निर्णयही यातूनच झाला. क्योतोहून जेआर (जपान रेल्वे) ही जाते आणि किन्तेत्सु ही खासगी रेल्वेही. परदेशी पर्यटकांसाठीचा जेआर पास असेल तर जेआर फुकटात पडते, पण जेआर नारा स्टेशनवरून पार्क वीसेक मिनिटं चालत. किन्तेत्सु-नारा अगदी पार्काच्या तोंडाशी. जेआर पास किन्तेत्सुला चालत नाही, पण आमच्याकडे पास नव्हताच. आम्ही थोडे जास्त पैसे भरून किन्तेत्सुची आरक्षित जागांची लिमिटेड एक्स्प्रेस घेतली. पस्तीसेक मिनिटांत, मध्ये गाडी न बदलता नारा. यामातो-साइदाइजी स्टेशन सुटलं की खिडकीतून बाहेर बघत राहा. रूळ जुन्या राजवाड्याच्या जागेतूनच जातात आणि दोन्ही बाजूंना नव्याने उभारलेल्या भव्य लाल खांबांच्या वास्तू दिसतात. सामान स्टेशनवरच्या कॉइन लॉकरमध्ये टाकलं आणि बस पकडली.

तारीख ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात शोसो-इन या शाही कोठारातल्या वस्तूंचं प्रदर्शन असतं, आणि त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. आम्ही ते संपल्यावर गेलो. पानं तेव्हाही लाल होती. फक्त अंधार पाचच्या सुमारास पडतो आणि हिवाळी वेळेनुसार बुद्धाचं मंदिरही पाचला बंद होतं, एवढं धरून चालायचं.

आता हरणं. त्यांच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, ती वाटेत असतातच. वेळ काढावा लागतो तो बाकीच्या सगळ्यासाठी. कासुगा ताइशाची स्थापना ७६८ सालची. तिथला देव पूर्व जपानातल्या काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून आला अशी श्रद्धा आहे, म्हणून इथली हरणं देवाचे दूत. आज ती हजाराच्या वर आहेत; दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी फक्त ७९ उरली होती. ती कुणाच्या मालकीची नाहीत, पाळलेली नाहीत, कुंपणात नाहीत. माणसाला सरावलेली रानटी जनावरंच आहेत ती, आणि वागणं त्या हिशेबाने ठेवावं लागतं.

शिका सेंबेईची, म्हणजे हरणांच्या बिस्किटांची, गड्डी आम्ही वाकाकुसा डोंगराच्या पायथ्याशी घेतली. तांदळाचा कोंडा आणि पीठ, साखर नाही. गड्डीभोवतीची कागदी पट्टीसुद्धा हरणाने खाल्ली तरी बाधू नये अशी केलेली असते. आईने ओढणी आधीच कमरेला खोचली होती, ते फार बरं झालं, कारण लोंबणारं काहीही हरणं ओढतात. एक मादी समोर आली, मान झुकवली, पुन्हा झुकवली. आईने हात जोडले. मादीने तिसऱ्यांदा मान झुकवली आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं. उन्हाळ्यात यांच्या अंगावर आपल्या चितळासारखे ठिपके असतात. आता ते जाऊन दाट करडी लोकर आली होती, आणि बिस्कीट घेताना ओलसर नाक तळहाताला लागत होतं. बिस्कीट दाखवून झुलवत ठेवायचं नाही, लगेच द्यायचं. संपलं की दोन्ही तळवे उघडे करून दाखवायचे. ती खरंच निघून जातात. शरद ऋतू हा नरांच्या माजाचा काळ. ऑक्टोबरमध्ये त्यांची शिंगं कापतात, १६७२ पासूनची पद्धत आहे ही, तरी धडक जोरात बसते. नर दिसला की मी आईला बाजूला घेत होते.

आणि प्लास्टिक. हे मी पोटतिडकीने लिहिते. २०१९ साली मेलेल्या हरणांच्या पोटात पिशव्यांचे गोळे सापडले, एकाच्या पोटात तर चार किलोंहून जास्त. आपण प्रवासात खाकरे, लाडू, चिवडा प्लास्टिकच्या पुड्यांतून नेतो आणि बाकावर बसून उघडतो. इथे तसं करू नका. वास हरणांना कळतो आणि पुडीसकट जातं. आम्ही गूळपापडीचे लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात घालून पिशवीच्या तळाशी ठेवले आणि पार्कात डबा उघडला नाही. जेवण खाली हिगाशिमुकी या छताखालच्या बाजाररस्त्यावर, हरणांपासून दूर. शाकाहारी असाल तर बरंच काही माशाच्या रश्शात केलेलं असतं, तेव्हा साधी मिठाची ओनिगिरी (भाताचा मुटका) आणि मोची (चिकट तांदळाचा गोळा) हा खात्रीचा आधार.

निगात्सु-दोला काही पायऱ्या चढाव्या लागतातच, पण आमच्या क्रमात त्या आई ताजीतवानी असताना आल्या. वरच्या सज्जातून सगळं नारा दिसतं, तिकीट नाही. मागच्या बाजूने दगडी फरसबंदीची, मातीच्या भिंतींमधून जाणारी उतरती गल्ली थेट बुद्धाच्या मंदिरामागे नेते. ती चुकवू नका.

महाबुद्धासमोर आम्ही सगळ्यात जास्त थांबलो. सुमारे १५ मीटर उंचीची ब्राँझची मूर्ती. ७५२ साली तिचे नेत्र उघडण्याचा विधी केला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने, जो ७३६ साली समुद्रमार्गे जपानला पोचला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्यांनी ते हातात धरले, म्हणजे डोळे रेखण्यात सगळ्यांचा हात लागला. तो कुंचला शोसो-इनमध्ये अजून जपलेला आहे. मी हे आदल्या रात्री आईला वाचून दाखवलं होतं. ती मूर्तीकडे बघत म्हणाली, "अगं, तो परत गेला का गं घरी?" नाही गेला; ७६० मध्ये जपानातच वारला. मग ती बराच वेळ काही बोलली नाही.

बाहेर पडताना नानदाइमोन या तोदाइ-जीच्या दक्षिणेकडच्या महाद्वाराच्या दोन्ही बाजूंचे द्वारपाल बघायला मात्र थांबा. उन्केइ, काइकेइ हे शिल्पकार आणि त्यांच्या कारागिरांनी १२०३ मध्ये सत्तर दिवसांच्या आत घडवलेले, आठ मीटरांहून उंच. जाळीमागे अंधार असतो, डोळे सरावेपर्यंत उभं राहावं लागतं. जवळच्या कोफुकु-जी मंदिराच्या पाचमजली पॅगोडाचं दुरुस्तीचं काम चालू असल्याने तो झाकलेला आहे, त्यामुळे तिथला वेळ आम्ही इथेच दिला.

मे ते जुलैच्या दरम्यान जाणार असाल तर मात्र आखणी थोडी बदला. ते पाडसांचे दिवस. गवतात एकटं पाडस दिसलं तरी जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. त्याची आई आसपासच असते आणि ती माणसावर धावून येते. लहान मुलं बरोबर असतील तर त्या दिवसांत त्यांचा हात धरूनच चाला.