बालेवाडीचा नीलकंठ

रविवार, रात्री साडेदहा

आज काकांना घेऊन बालेवाडीला जाऊन आलो. गुडघ्यांमुळे आता त्यांना एक मजला चढायचा तरी कठड्याचा आधार लागतो, पण ‘स्टेडियमकडे चक्कर मारू का?’ विचारल्यावर दोन मिनिटांत चपला घालून दारात उभे. काका माझ्या नात्यातले नाहीत. खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले, तरुणपणी स्वतः फुटबॉलमध्ये राइट हाफ खेळलेले. पुणे एफसी, आमचा फुटबॉल क्लब, तेव्हाच्या देशातल्या सर्वात वरच्या लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये, आली २००९ मध्ये. तेव्हापासून घरच्या जवळजवळ प्रत्येक सामन्याला आम्ही शेजारी शेजारी बसलो. एवढं नातं पुरतं.

निमित्त झालं एका कात्रणाचं. बंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं, ती २०२५ च्या नोव्हेंबरमधली बातमी काकांनी कापून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली होती. बातमीच्या शेवटी शेवटी आमच्या पुणे एफसीच्या अराता इझुमीचं नाव होतं, त्याच्याआधी असंच करणारा म्हणून. काकांनी त्याखाली लाल पेनाने रेघ ओढलेली. ‘एक ओळ दिलीय रे त्याला,’ म्हणाले. ‘एकच ओळ.’

म्हणून आज मी इथे चार ओळी जास्त लिहितो आहे.

अराता जपानमध्ये जन्मला, वाढला. आई जपानी, वडील मूळचे गुजराती. भारतात आधी तो ईस्ट बंगालकडे आला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे आणि २००९ मध्ये आमच्याकडे. ‘आमच्याकडे’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पुण्याला तोवर देशाच्या वरच्या लीगमध्ये आपला म्हणावा असा संघच नव्हता. क्लब निघाला २००७ मध्ये, आणि वर आल्यावर पहिल्याच मोसमात थेट तिसरा. गोवा आणि कोलकात्याच्या लोकांनी चमकून बघावं असं काहीतरी इथे चाललं होतं, आणि इथल्याच बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता.

बालेवाडीचं स्टेडियम फुटबॉलसाठी बांधलेलं नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं, २००८ च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धेसाठी त्याला नवं रूप मिळालं. त्यामुळे मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आणि प्रेक्षक लांब. पलीकडच्या बाजूला चेंडू गेला की माणसं काडेपेटीएवढी दिसायची. पण गर्दी इतकी कमी असायची की ऐकू मात्र सगळं यायचं. बूट चेंडूला लागल्याचा आवाज. गोलकीपरच्या हाका. अराताने पास दिला की चेंडू गवतावरून जाताना जो सर्र आवाज व्हायचा, तोसुद्धा आला असं आम्हाला वाटायचं. काका पायरीवर वर्तमानपत्र पसरायचे, थर्मासमधला चहा झाकणात ओतून आधी मला द्यायचे, आणि सामना सुरू झाला की एकदम गप्प.

त्यांनीच मला अराताकडे बघायला शिकवलं. ‘चेंडू बघू नको. त्याची मान बघ.’ मी बघायला लागलो. चेंडू अजून दुसऱ्याच्या पायात असायचा, आणि याची मान डाव्या खांद्यावरून मागे, मग उजव्या. पास येईपर्यंत याचं सगळं बघून झालेलं. अंग आधीच अर्धं वळलेलं असायचं, त्यामुळे पहिला स्पर्श थेट पुढच्या दिशेने. मागून अंगावर धावून आलेला बॅक रिकाम्या जागेत पाय घालून उभा राहायचा. हे एकदा दिसायला लागल्यावर मला दुसरं काही दिसेना. आजही टर्फवर पोरं खेळताना मी त्यांच्या माना बघतो.

आणि धावणं! ऐंशीव्या मिनिटाला पायात गोळे आलेले असताना हा मधल्या फळीतला माणूस स्वतःच्या बॉक्सपर्यंत परत पळायचा. काका तेव्हा हलकेच मांडीवर थाप मारायचे. ओरडायचे नाहीत, फक्त थाप.

भारताकडून खेळायचं तर हातात भारताचाच पासपोर्ट लागतो, नुसतं भारतीय वंशाचं असून भागत नाही. २००८ पासून हे धोरण कडक झालं. आपला कायदा दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, आणि जपानचाही देत नाही. म्हणजे जपानचा पासपोर्ट परत करायचा, कायमचा. त्या पासपोर्टवर जगात कुठेही किती सहज जाता येतं ते माहीत असलेल्या माणसाने, तिशी गाठल्यावर, खेळाची चार-पाच वर्षं शिल्लक असताना हे केलं. जन्मगावच्या देशात यापुढे व्हिसा काढून जायचं. मी हे घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, ‘त्याच्या आईला कसं वाटलं असेल?’ मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

नागरिकत्वासोबत त्याचं भारतीय नाव पेपरात आलं, नीलकंठ खंभोळजा. काकांनी त्या दिवसापासून अराता म्हणणं सोडलं. २०१३ मध्ये तो भारताच्या निळ्या जर्सीत उतरला, तेव्हा खडकीत त्यांच्या घरी टीव्हीसमोर आम्ही पाचजण होतो. राष्ट्रगीताला काका उभे राहिले, म्हणून आम्हीही उठलो.

त्याच मोसमात पुणे एफसी लीगमध्ये दुसरी आली, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. जेम्स मोगाचे गोल, बचावात पुढे भारताचा खांब झालेला अनस एडाथोडिका, आणि मध्ये आमचा नीलकंठ. पुण्याच्या फुटबॉलचं याहून मोठं वर्ष मी पाहिलेलं नाही. तरी स्टँड भरले नाहीत. हे मला अजून टोचतं. मी कितीजणांना बोलावलं होतं? ऑफिसमधल्या दोघातिघांना, तेही एकदोनदा. खूप काही करता आलं असतं.

पुढचं भराभर झालं. २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, ही नवी लीग आली, आणि २०१५ मध्ये तो त्यात अ‍ॅटलेटिको डी कोलकाताकडून खेळला. त्याच वर्षी पुणे एफसी बंद झाली. २०१६ मध्ये तो परत बालेवाडीत दिसला, एफसी पुणे सिटी या आयएसएलमधल्या वेगळ्या क्लबच्या जर्सीत. पुढे २०१९ मध्ये तोही क्लब गेला. काका त्या सामन्यांना आले नाहीत. ‘माझा संघ तो नव्हे,’ एवढंच म्हणाले, आणि मी आग्रह केला नाही.

आज गेट बंद होतं. आत कसलंसं शिबिर चालू होतं, वॉचमनने हात जोडून नाही म्हटलं. काकांनी वाद घातला नाही. कुंपणाच्या जाळीतून ट्रॅकचा लाल तुकडा आणि आमच्या स्टँडच्या कडेच्या पायऱ्या दिसत होत्या. जाळीत बोटं अडकवून ते बराच वेळ उभे होते. मग एकदम विचारलं, ‘तो असतो कुठे रे आता?’

सांगितलं, खेळणं थांबवल्यावर तो नवी मुंबईत मुलांना शिकवायला लागला, रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स या फुटबॉल अकादमीत.

‘लहान मुलांना?’

‘हो काका.’

‘मग मान वळवायला शिकवत असेल,’ म्हणाले, आणि स्कूटरकडे चालायला लागले. औंधच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून खांद्यावर थाप पडली. ‘नवी मुंबईला पहाटेची गाडी मिळेल ना? एकदा त्या पोरांची मॅच बघून येऊ. पावसाळ्याआधी.’

उद्या ऑफिसातून आल्यावर गाड्यांच्या वेळा बघायच्या आहेत.